जनुक बदललेला मासा: भीती ताटाची की ओढ्याची?

इंदापूर भागातल्या एका मत्स्यशेतकऱ्यांनी विचारले आहे: "अमेरिकेत जनुक बदललेल्या सॅल्मनला परवानगी मिळाली, मग कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी कंपनीनेच काम बंद केले असे वाचले. म्हणजे तो मासा खायला धोक्याचा निघाला का? माझ्या तळ्यात गिफ्ट चिलापी आहे. तिच्या नावातही 'जेनेटिक' आहे, म्हणून गावात काही जण ती खाऊ नका म्हणतात. आणि पुतण्याने काचेच्या टाकीत चमकणारे मासे आणलेत. हे सगळे एकच का?"

नाही, हे सगळे एकच नाही. तुमची गिफ्ट चिलापी जनुक बदललेली नाही. ती खुशाल खा आणि विका. अमेरिकेतला सॅल्मन खाऊन कुणी आजारी पडले म्हणून तो बंद झाला नाही. तो धंदा पैशाने बसला. पुतण्याच्या टाकीतले मासे मात्र खरोखरच जनुक बदललेले असू शकतात, आणि तुमच्या तिन्ही प्रश्नांत मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. का, ते सविस्तर सांगतो. मी तीस वर्षांहून अधिक काळ मत्स्यबीज केंद्रांवर काढला आहे. रोहू, कटला, मृगळ यांचे प्रजनन हे माझे काम. त्यामुळे जे बोलतो आहे ते तळ्याच्या बांधावर उभे राहून.

आधी चिलापीचे बघू. 'गिफ्ट' हे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव. त्यातल्या 'जी' आणि 'आय'चा अर्थ आनुवंशिकदृष्ट्या सुधारलेली. हे काम १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झाले. आफ्रिकेतून आणलेली नाईल तिलापिया, म्हणजे आपण जिला चिलापी म्हणतो ती, आणि आशियातल्या तळ्यांत आधीच असलेली, अशी दोन्ही एकत्र करून दर पिढीला जोमाने वाढणाऱ्या कुटुंबांतले नर-मादी निवडले आणि त्यांचीच पुढची पैदास घेतली. जोंधळ्याची टपोरी कणसे बियाण्याला राखून ठेवतात तीच ही रीत, फक्त वहीत काटेकोर नोंदी ठेवून केलेली. आपली 'जयंती' रोहूही याच वाटेने आली. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा इथल्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या तज्ज्ञांसोबत १९९२ मध्ये काम धरले आणि १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ती बाहेर आली. नाव त्यावरूनच पडले.

दुसरा गोंधळ इंजेक्शनचा. हॅचरीत मादीला टोचताना पाहून लोक म्हणतात, "बघा, माशाचे जनुक बदलतायत." ते प्रेरित प्रजनन आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे हीरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. त्या दिवसाच्या आठवणीत आपण १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन पाळतो. त्या टोचण्याने मादी अंडी सोडते, पिल्लाच्या जनुकांत काहीही बदलत नाही. चिलापीची पिल्ले सगळी नर व्हावीत म्हणून पहिल्या तीन आठवड्यांत खाद्यातून संप्रेरक देतात, तेही जनुक बदलणे नव्हे. गिफ्ट वाढवायला परवाना लागतो, तो ती परकी आणि झपाट्याने वाढणारी असल्यामुळे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडेल.

जनुक बदललेला मासा म्हणजे ज्याच्या प्रत्येक पेशीत बाहेरचे जनुक मुद्दाम घालून बसवले आहे आणि जे पिल्लांतही उतरते, असा मासा. असा पहिला मासा चीनमध्ये १९८५ च्या सुमारास झाला. आपल्याकडेही मदुराई कामराज विद्यापीठात टी. जे. पांडियन यांच्या गटाने रोहूचेच वाढ-संप्रेरकाचे जनुक पुन्हा रोहूत घातले, आणि त्यांतले काही मासे चार-पाच पट वेगाने वाढले. ते प्रयोगशाळेतच राहिले. बाजारापर्यंत पोहोचला तो एकच खाण्याचा मासा, तुम्ही विचारलेला अटलांटिक सॅल्मन. मुंबईत रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही; ती जातच वेगळी.

त्या सॅल्मनचा जन्म कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर झाला. तिथे हिवाळ्यात समुद्राचे पाणी शून्य अंशाच्याही खाली जाते. पाणी खारे असल्याने गोठत नाही, पण त्यातल्या सॅल्मनचे रक्त गोठते आणि पिंजऱ्यातले मासे मरतात. त्याच पाण्यात ओशन पाउट नावाचा वामेसारखा लांबट मासा मजेत जगतो, कारण त्याच्या रक्तात गोठू न देणारे एक प्रथिन असते. मेमोरियल विद्यापीठातले शास्त्रज्ञ गार्थ फ्लेचर आणि चॉय ह्यू असे न गोठू देणारे जनुक सॅल्मनमध्ये घालता येईल का, ते पाहत होते. तो बेत नीट जमला नाही. पण प्रत्येक जनुकाला एक खटका असतो, जो ते केव्हा आणि कुठे चालू व्हायचे ते ठरवतो. पाउटच्या त्या जनुकाचा फक्त खटका त्यांनी घेतला, त्याला चिनूक या सॅल्मनच्याच दुसऱ्या जातीचे वाढ-संप्रेरकाचे जनुक जोडले आणि १९८९ मध्ये अटलांटिक सॅल्मनच्या अंड्यांत टोचले.

साध्या सॅल्मनची वाढ थंडीत मंदावते. नव्या माशात खटका बारमाही चालू राहिला, म्हणून ज्या माशाला बाजारच्या वजनाला यायला अडीच-तीन वर्षे लागत, तो सोळा ते अठरा महिन्यांत येऊ लागला. तो राक्षसी आकाराचा होत नाही; त्याच वजनाला लवकर पोहोचतो. विरोधकांनी फ्रँकनस्टाईनच्या गोष्टीतल्या राक्षसावरून त्याला 'फ्रँकनफिश' म्हटले आणि वर्तमानपत्रांनी अक्राळविक्राळ चित्रे छापली, तेव्हापासून लोकांच्या मनात भलताच मासा बसला आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न, खाण्याचा. जनुक म्हणजे डीएनए, तो आपण रोज भाजीतून, मटणातून, माशातून खातो आणि पचवतो. माशाचे वाढ-संप्रेरक हे प्रथिन आहे. ते शिजते, पोटात तुटते, आणि माणसाच्या शरीरात माशाच्या संप्रेरकाचे काम चालत नाही. ज्याला सॅल्मनची ॲलर्जी आहे त्याला या सॅल्मनचीही होणार, हे उघड आहे. वादाचा खरा मुद्दा होता की ती ॲलर्जी वाढते का. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, बाजारात जाणाऱ्या माशांत ती वाढलेली नाही असा निष्कर्ष काढला. ग्राहक संघटनांचे म्हणणे होते की ज्या चाचणीवरून हे ठरवले तिच्यात मासे फार थोडे तपासले. मला ही तक्रार रास्त वाटते. हॅचरीत खाद्याचा साधा प्रयोग करायचा तरी आम्ही याहून जास्त पिल्ले घेतो. निष्कर्ष चुकीचा होता असे मी म्हणत नाही, पण ज्या माशावर सगळ्या जगाचे डोळे लागले आहेत त्याची तपासणी कंजूषपणे करायला नको होती. एवढे सगळे धरूनही, तो मासा कुणी मला वाढला असता तर मी खाल्ला असता, आणि नातवंडांच्या ताटातही घातला असता.

आता परवानगीची कहाणी, कारण खरी अडचण तिथे आहे. अमेरिकेत जनुक बदललेल्या जनावरांसाठी वेगळा कायदाच नव्हता. म्हणून १९३८ च्या अन्न-औषध कायद्याचा आधार घेतला गेला: माशात घातलेले जनुक हे 'जनावरांचे नवे औषध' मानायचे. २००९ मध्ये एफडीएने ही भूमिका अधिकृतपणे मांडली, जरी कंपनीच्या अर्जाची प्रक्रिया १९९५ पासूनच चालू होती. या रचनेचा एक मोठा फायदा होता. परवानगी नुसत्या माशाला नव्हती, जागेलाही बांधलेली होती. अंडी कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या ठरावीक हॅचरीतच व्हायची, मासे पनामाच्या डोंगराळ भागातल्या जमिनीवरच्या टाक्यांतच वाढायचे; नवी जागा हवी तर नवा अर्ज. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. पण औषधाच्या कायद्याबरोबर औषधाची गुप्तताही आली. औषध कंपनीचा अर्ज सहसा लोकांना दिसत नाही. २०१० च्या सप्टेंबरात एफडीएने सल्लागार समितीची बैठक उघडपणे घेऊन माहिती लोकांसमोर ठेवली, तोवर पंधरा वर्षे गेली होती. तेवढ्या काळात अविश्वास मुरला. आणि औषध तपासणारा माणूस कशात तरबेज असतो? औषध जनावराला आणि खाणाऱ्याला सोसते का, हे पाहण्यात. नदीत काय होईल हा त्याचा रोजचा प्रश्न नव्हे.

१९ नोव्हेंबर २०१५ रोजी परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात कॅनडाने तो खाण्यासाठी मान्य केला, आणि २०१७ मध्ये कॅनडात साडेचार टनांच्या आसपास मासा विकला गेला. कॅनडात पाकिटावर जनुकबदलाची नोंद सक्तीची नाही, त्यामुळे आपण तो घेतला हे घेणाऱ्यालाही कळले नाही. हे मला पटत नाही. मासा निर्धोक असला तरी खाणाऱ्याला विचारायचा हक्क आहे, मग कारण धर्माचे असो, व्रताचे असो की नुसते मनाचे. अमेरिकेत अलास्काच्या सिनेटर लिसा मुरकोव्स्की यांनी हा मुद्दा लावून धरला. अलास्काची कमाई समुद्रातल्या सॅल्मनवर आहे, तेव्हा त्यात पोटाचा प्रश्नही होता. लेबलचे नियम ठरेपर्यंत संसदेने आयात अडवली, आणि ती २०१९ च्या मार्चमध्ये मोकळी झाली. मग इंडियाना राज्यात जमिनीवरच्या टाक्यांत मासा वाढला आणि २०२१ मध्ये अमेरिकी बाजारात आला. तोवर कित्येक मोठ्या दुकान-साखळ्यांनी तो ठेवणार नाही असे सांगून टाकले होते. टाक्यांतले पाणी सतत गाळून, थंड करून, प्राणवायू देऊन फिरवायचे, तर वीज आणि बांधकाम यांचा खर्च प्रचंड. कंपनीला तो झेपला नाही. २०२४ मध्ये तिने इंडियानातले केंद्र विकले आणि त्याच वर्षी डिसेंबरात मासे वाढवण्याचे उरलेसुरले काम थांबवत असल्याचे जाहीर केले.

या सगळ्यात एक निकाल मात्र मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत असे. मच्छीमारांच्या आणि पर्यावरणाच्या संघटनांनी दावा लावला होता, आणि सॅल्मनवर जगणारी क्विनॉल्ट ही आदिवासी जमातही त्यांच्याबरोबर होती. कॅलिफोर्नियातले संघीय न्यायाधीश विन्स छाब्रिया यांनी आधी सांगितले की जनुक बदललेल्या जनावरांवर एफडीएचा अधिकार चालतो. मग नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी दुसरा निकाल दिला: मासा निसटण्याची शक्यता कमी आहे, एवढ्यावर तुम्ही थांबलात, पण निसटलाच तर रानटी सॅल्मनचे काय होईल, याचा हिशेब तुम्ही मांडायलाच हवा होता. परवानगी त्यांनी रद्द केली नाही, तो हिशेब मांडायला सांगितले.

धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. धरण फुटण्याची शक्यता कमी असते, तरी फुटले तर पाणी कुठवर येईल याचा नकाशा आधी काढतात.

मासा निसटला तर काय, यावर शास्त्रज्ञांनी बरेच काम केले आहे, आणि ते सगळे एका बाजूचे नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या विल्यम म्यूर आणि रिचर्ड हॉवर्ड यांनी मेडाका या छोट्या जपानी माशावर काम करून एक गणित मांडले. समजा जनुक बदललेला नर मोठा असल्यामुळे माद्यांना अधिक पटतो, पण त्याची पिल्ले कमी जगतात. मग ते जनुक पसरतही जाते आणि कळप पोखरतही जाते. त्यांच्या गणितात साठ हजार रानटी माशांत असे साठ मासे मिसळले तर चाळीस पिढ्यांत सगळे संपले. आत शिरून घात करणाऱ्या ट्रोजन घोड्यावरून याला 'ट्रोजन जनुक' असे नाव पडले आणि जगभर गाजले. पण ते गणित होते, तळ्यातले निरीक्षण नव्हते. पुढे मेमोरियल विद्यापीठातच तपासले तेव्हा हे वाढीचे जनुक असलेले सॅल्मन नर जोडीदार मिळवण्यात रानटी नरांपुढे कमी पडले. त्याच विद्यापीठाच्या २०१३ च्या कामात मात्र या सॅल्मनचा ब्राउन ट्राउटशी संकर झाला आणि ती संकरित पिल्ले कृत्रिम ओढ्यात इतरांच्या पुढे गेली.

मला सगळ्यात जास्त शिकवले ते कॅनडाच्या मत्स्य खात्यातल्या रॉबर्ट डेव्हलिन यांच्या कामाने. त्यांनी वाढीचे जनुक घातलेले कोहो सॅल्मन साध्या कोहोबरोबर टाकीत ठेवले. खाद्य भरपूर असेपर्यंत सगळे ठीक चालले. खाद्य कमी केले आणि जनुक बदललेले मासे असलेल्या टाक्यांत दांडगाई सुरू झाली. मोठे लहानांना खाऊ लागले, आणि काही टाक्यांत जवळजवळ कुणी उरले नाही. साध्या माशांच्या टाक्यांत तसे झाले नाही. मासा तोच, जनुक तेच, फक्त पाण्यातले खाद्य बदलले. आता सांगा, प्रयोगशाळेतल्या भरल्या टाकीवरून उन्हाळ्यात आटलेल्या नदीचा अंदाज कोण बांधणार?

कंपनीचे उत्तर होते की आमचे मासे सगळे माद्या आणि वांझ. फलित अंड्यांना ठरावीक वेळी दाब दिला की गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच राहतात आणि मासा वांझ होतो. हे खरे आहे. आम्हीही कार्पच्या अंड्यांना उष्णतेचा झटका देऊन असे मासे काढले आहेत. त्याच अनुभवावरून सांगतो, दर खेपेला शंभर टक्के कधीच साधत नाही. मिनिटभर उशीर, अर्ध्या अंशाचा फरक, अंडी थोडी जास्त पिकलेली, आणि आकडा खाली येतो. एफडीएने किमान ९५ टक्के वांझ ही अट ठेवली होती. कंपनीचा प्रत्यक्ष आकडा त्याहून बराच चांगला होता. शिवाय अंडी देणारे मूळ जनक मासे वांझ असून चालतच नाहीत. म्हणून खरा भरवसा होता तो जमिनीवरच्या टाकीवर, जाळ्यांवर, आणि पनामात टाकीखालच्या नदीचे पाणी पुढे सॅल्मनला सोसणार नाही इतके उबदार होते, त्यावर. थंड पाण्याच्या माशाला उबदार नदीचे कुंपण! बेत चांगला होता. आपल्याकडे रोहूच्या बाबतीत असले कुंपण कुठून आणणार? आपल्या नद्या हेच तिचे घर आहे.

निसटणे ही कल्पनेतली भीती नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सायप्रस बेटाजवळचा पिंजरा कोसळला आणि दोन लाखांहून अधिक साधे अटलांटिक सॅल्मन समुद्रात गेले. नॉर्वेत रानटी सॅल्मनच्या तपासलेल्या समूहांपैकी सुमारे दोनतृतीयांशांत पाळीव सॅल्मनची आनुवंशिक भेसळ सापडली आहे. यातला एकही मासा जनुक बदललेला नव्हता. इतक्या शिस्तीच्या देशांत ही गत असेल, तर आपली काय असेल?

तुम्ही उजनीच्या काठचे, तुम्हाला हे माझ्याहून जास्त ठाऊक आहे. उजनीत पूर्वी काय मिळायचे आणि आता जाळ्यात चिलापीशिवाय काय येते, ते जुन्या मच्छीमारांना विचारा. आफ्रिकी मंगूरवर केंद्राने २००० मध्ये बंदी घातली, राष्ट्रीय हरित लवादाने पुन्हा आदेश दिले, तरी इंदापूरपासून भिवंडीपर्यंत चोरून तळी सापडत राहिली आणि मत्स्यव्यवसाय विभाग ती नष्ट करत राहिला. काचेच्या टाकीतले शेवाळ खायला म्हणून आणलेला सकर मासा आज धरणात आहे. तो जाळी फाडतो आणि बाजारात कुणी घेत नाही. या माशांच्या जनुकांना कुणी हात लावला नव्हता. ते फक्त चुकीच्या पाण्यात गेले. पावसाळ्यात पहिल्या मोठ्या पाण्याला शेततळ्याचा सांडवा वाहतो, ओढा चढतो, आणि चढणीच्या माशांबरोबर तळ्यातलेही निघतात. ती वाट कुठल्याही सरकारी आदेशाने बंद होत नाही.

कायदा आपल्याकडे आहे, आणि कागदावर तो अमेरिकेपेक्षा कडक आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसार जनुक बदललेला कोणताही जीव आणायचा, वाढवायचा किंवा सोडायचा तर केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची म्हणजे जीईएसीची मंजुरी लागते. खाण्यासाठी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचे कलम २२ वेगळे आहे. पण मंजुरी नसलेल्या तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे विदर्भात किती सहज पोहोचले ते आपण पाहिले; २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून सत्याग्रहच केला. ते बरोबर की चूक, हा वाद इथे नको. कापूस निदान शेतात उभा राहतो, मोजता येतो, उपटता येतो. ओढ्यात गेलेला मासा परत बोलावता येत नाही.

म्हणूनच पुतण्याची टाकी. चमकणारा पहिला मासा सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात १९९९ च्या सुमारास झाला: जेलीफिशचे चमकीचे जनुक झेब्रा माशात घातलेले. २००३ च्या डिसेंबरात एफडीएने म्हटले की हा मासा खाण्याचा नाही आणि त्याने धोका वाढतो असे दिसत नाही, म्हणून त्यावर नियमन नको. आणि तो 'ग्लोफिश' नावाने अमेरिकेत विकला जाऊ लागला. ज्या संस्थेने सॅल्मनवर वीस वर्षे घालवली तिने हा मासा औपचारिक मंजुरी न मागता सोडला. अमेरिकेपुरते ते एक वेळ चालेल, तिथे झेब्रा मासा मूळचा नाहीच. पण पट्ट्यापट्ट्यांचा तो इवलासा झेब्रा मासा मूळचा कुठला? आपला. भारत, नेपाळ, बांगलादेशातल्या ओढ्यांतला.

ब्राझीलमध्ये या माशांच्या विक्रीला बंदी आहे. तरी २०२२ च्या सुरुवातीला बातमी आली की मिनास जेराइस राज्यात शोभेच्या माशांच्या तळ्यांजवळच्या ओढ्यांत लाल आणि हिरवे चमकणारे झेब्रा मासे नांदत आहेत, पिल्ले देत आहेत. ब्राझीलमध्ये ते पाहुणे आहेत. स्थानिक माशांशी त्यांचा संकर होणार नाही, फक्त खाण्यावरून स्पर्धा होईल. आपल्याकडे ते भाऊबंदांना भेटतील. इथे म्यूर आणि हॉवर्ड यांचेच दुसरे काम सांगितले पाहिजे, कारण ते दिलासा देणारे आहे. २०१५ मध्ये त्यांनी लाल झेब्रा मासे साध्यांबरोबर पंधरा पिढ्या ठेवून पाहिले. माद्यांना लाल नर आवडत होते, पण साधे नर भांडणात वरचढ ठरले आणि लाल जनुक जवळजवळ सगळीकडे नाहीसे झाले. ज्या माणसांनी ट्रोजन जनुकाचा इशारा दिला, त्यांनीच उलटा निकालही प्रामाणिकपणे छापला. या विषयात मला असे लोक सगळ्यात मोलाचे वाटतात. तरी तो प्रयोग टाकीतला. आपल्या ओढ्यांत हे कुणी तपासून पाहण्याआधीच मासे दुकानांत आले आहेत, ही माझी तक्रार आहे.

यापुढचा वाद जनुक-संपादनाचा असेल. त्यात बाहेरचे जनुक घालत नाहीत, माशाचेच एखादे जनुक बंद करतात. जपानमध्ये २०२१ मध्ये स्नायूंची वाढ रोखणारे जनुक बंद केलेला मादाई मासा आणि मागोमाग वेगाने वाढणारा फुगू मासा विक्रीला आला, मंजुरीशिवाय, नुसत्या नोंदणीवर. क्योतो प्रांतातल्या मियाझू शहराने देणगीदारांना भेट म्हणून तो फुगू देऊ केला, तेव्हा तिथल्याच काही रहिवाशांनी हरकत घेतली. आपल्या केंद्र सरकारने २०२२ च्या मार्चमध्ये काही जनुक-संपादित वनस्पतींना १९८९ च्या नियमांतून सूट दिली. मासे त्यात नाहीत, आणि माझ्या मते ते सध्या बाहेर ठेवणेच बरोबर. जनुक कसे बदलले यापेक्षा मला तीन गोष्टी विचाराव्याशा वाटतात: याचे रानटी भाऊबंद जवळच्या पाण्यात आहेत का, हा पिल्ले देऊ शकतो का, आणि तो ज्या टाकीत आहे तिथे पुराचे पाणी कुठवर येते. हे प्रश्न जीईएसीच्या बैठकीत विचारले जावेत, उत्तरे मराठीत आणि इतर भाषांत छापली जावीत, आणि त्या बैठकीत मच्छीमार सहकारी संस्थेचा माणूस बसावा. संशोधन थांबवा असे मी म्हणणार नाही. कौसल्यागंगेसारख्या आपल्या संस्थांतले काम बंद टाक्यांत चालू द्यावे, त्यातून रोगाला तोंड देणारी रोहू मिळाली तर तुमचाच फायदा आहे. पण धरणातल्या पिंजऱ्यात असला मासा मी माझ्या सहीने कधी सोडणार नाही.

आता पुतण्याचे. आधी ओळख पटवा. निळ्या दिव्याखाली मासा पेटल्यासारखा दिसला आणि रंग महिनोन्महिने तसाच राहिला, तर तो जनुक बदललेला आहे. नुसता रंग टोचलेला मासा काही महिन्यांत फिका पडतो. बारीक, लांबट, पट्टे असलेला असेल तर झेब्रा. चपटा, उभट असेल तर बहुधा टेट्रा, जो दक्षिण अमेरिकेतला आहे आणि इथल्या माशांशी संकर करणार नाही. दोन्ही असले तरी काळजी तीच घ्यायची. टाकी घरातच ठेवा, शेततळ्याच्या पडवीत नको. पाणी बदलताना ते मोरीत किंवा ओढ्याकडे न सोडता झाडाच्या आळ्यात, कोरड्या मातीत ओता, कारण झेब्र्याची अंडी जेमतेम मिलिमीटरभर असतात आणि नजरेतून सहज सुटतात. पिल्ले झाली तर मित्रांना वाटायची नाहीत. दुकानात परत दिले तर ते पुन्हा विकले जातील. नकोसे झाले तर पुण्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला विचारा. तेही जमले नाही तर पाण्यात लवंगतेल घालून त्यांना गुंगीत जाऊ द्या आणि मातीत पुरा. पुतण्याला वाईट वाटेल, त्याला मासे आवडतात म्हणूनच त्याने ते आणले आहेत. त्याला एकदा ओढ्यावर नेऊन आपले खरे, पट्ट्यांचे झेब्रा मासे दाखवा. पावसाळ्याआधी जा, पाणी नितळ असते तेव्हा दिसतात.